पाण्यात मुके, काठावर बोलके

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय ठरवला ‘छंद’, आणि माझ्या वाट्याला आले पाणबुडे. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरणारे स्कूबा डायव्हर पाण्याबाहेर आल्यावर कशात रमतात, ते जाऊन बघायचं आणि लिहायचं. मी राहतो जवळा बाजारला, औंढा नागनाथ तालुक्यात. इथून समुद्र गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. तरी विषय परका वाटला नाही. बुडी मारणारी माणसं आम्ही लहानपणापासून पाहत आलोय, फक्त ती विहिरीत उतरायची.

मराठवाड्यात पोहणं शिकायची शाळा म्हणजे विहीर. कमरेला वाळका भोपळा, नाहीतर तोंड बंद केलेला पत्र्याचा डबा, कुठे पांगऱ्याच्या हलक्या लाकडाची बिंडी. काठावर कासरा धरून उभा असलेला काका किंवा मामा. तो न सांगता मागून ढकलतो आणि शिकणं सुरू होतं. मग मुटका, मग सूर, आणि सगळ्यात मानाचं म्हणजे तळ काढणं. खाली जाऊन मूठभर गाळ आणायचा आणि वर आल्यावर मूठ उघडून दाखवायची. मूठ रिकामी निघाली तर तळ गाठल्याचं कोणी मान्य करत नाही. आडात घागर पडली की आधी दोराला गळ बांधून चाचपायचं, आणि गळाला लागली नाही तर बुडी मारणाऱ्याला बोलावणं जायचं. त्याला छातीभर श्वास घेऊन अंधारात उतरावं लागे. कान ठणकत, डोळ्यांना काही दिसत नसे, सगळं काम बोटांनी करायचं.

हीच माणसं एकादशीला देवळात भेटत, पखवाजावर किंवा टाळकऱ्यांच्या रांगेत, आणि त्यांचा आवाज गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. ज्याचं सगळं कसब श्वास रोखून धरण्यात आहे, तो मोकळ्या श्वासाचं काय करतो, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून आहे. तो घेऊनच मी मालवणला गेलो.

टाकीतली हवा, हाताची भाषा

मालवणच्या धक्क्यावरून सकाळी होड्या सुटतात त्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या दिशेने. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. त्याच्या आजूबाजूच्या खडकांवर आज पर्यटकांना पाण्याखाली नेलं जातं. हा भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याचं क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्या मच्छीमारांना तेव्हा जाळ्यांचं काय होणार, ही धास्ती होती, आणि तो वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण त्याच घरांतली पुढची पिढी आता त्याच खडकांवर गाइड म्हणून उतरते. वडील रापणीला, मुलगा स्कूबाला, हे चित्र दांडी, वायरी, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात सहज दिसतं.

विहिरीत शिकलेल्या माणसाला इथे पहिलाच धडा उलटा मिळतो, की श्वास कधीही रोखायचा नाही. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. तिथे घेतलेली हवा वर येताना फुगते, आणि ती छातीत कोंडून धरली तर फुप्फुस फाटू शकतं. म्हणून तोंडातल्या रेग्युलेटरमधून हवा सावकाश आत, सावकाश बाहेर. एका टाकीत साधारण २०० बार दाबाने दोन हजार लिटरहून जास्त हवा भरलेली असते. पृष्ठभागावर जितकी हवा लागेल तिच्या दुप्पट १० मीटर खोलीवर लागते. घाबरलेला पर्यटक ती भराभर संपवतो, आणि मुरलेला गाइड त्याच टाकीत कितीतरी जास्त वेळ काढतो.

आणि बोलायचं नाही. बोलताच येत नाही. अंगठा वर म्हणजे ‘वर चला’. ‘छान’ म्हणायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. पंजा आडवा हलवला म्हणजे काहीतरी बिघडलंय. कान दुखले तर नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं. नवख्या माणसाला खाली नेणारा गाइड त्याच्या टाकीला धरून असतो, एक डोळा त्याच्या बुडबुड्यांवर आणि एक त्याच्या हातांवर ठेवतो. एक पर्यटक वर सोडला की दुसरा तयार असतो. भर हंगामात सकाळपासून दुपारपर्यंत हेच. पाणी कोमट वाटलं तरी अंगातली उष्णता हवेपेक्षा कितीतरी पट वेगाने ओढून घेतं. शेवटची फेरी संपवून होडीत चढणाऱ्या पोरांच्या कपाळावर मास्कचा वळ उठलेला असतो आणि बोटांची टोकं सुरकुतलेली असतात. मी पाहिलं ते हे, की होडी धक्क्याकडे वळली की ती पोरं बोलायला लागतात आणि थांबतच नाहीत.

खालचं जग मात्र मुकं नाही. झाक कुस्तो आणि लुई माल यांच्या ज्या चित्रपटाला १९५६ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, त्याचं नाव ‘द सायलेंट वर्ल्ड’ असलं, तरी खडकाजवळ सतत तडतड ऐकू येते. चिमट्या आपटणाऱ्या बारक्या कोळंब्यांचा तो आवाज असतो. तिथे गप्प असतो तो फक्त माणूस.

डबलबारी

मे संपत आला की जलक्रीडा बंद होतात, त्या ऑगस्टअखेरपर्यंत. मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी. होड्या ओढून माडांखाली घेतात, वर झावळ्या नाहीतर ताडपत्री टाकतात. टाक्या गोड्या पाण्याने धुऊन ठेवतात, इंजिनं खोलतात, फाटकी जाळी विणायला बसतात. ज्यांच्या घरी शेती आहे ते लावणीला जातात. आणि संध्याकाळी वाडीत कुठेतरी पेटी उघडते.

कोकणातलं भजन मराठवाड्यातल्या भजनाहून वेगळ्या चालीचं आहे. इकडे एका सुरात वारकरी पद्धतीने गायचं. तिकडे ‘बुवा’ असतो, त्याच्यामागे कोरस, पखवाज, झांज, आणि पुढे हार्मोनियम. डबलबारीत असे दोन बुवा समोरासमोर बसतात. एकाने रूपाचा अभंग घेतला की दुसरा त्याला तोडीचा घेतो, मग गजर, मग गवळण. मध्येच एकमेकांना कोडी घालतात, पुराणातले दाखले विचारतात. मैदान भरतं, लोक रात्र जागवतात, कोणाचा पखवाज चढला यावर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर वाद होतात. श्रावणात सराव तापतो आणि गणपतीत तर घरोघरी आरत्यांनंतर भजन ठरलेलंच.

पावसात कौलांवर आवाज होत असताना अशा एका सरावाला मी बसलो होतो. हंगामात पर्यटकांचे हात धरून खाली नेणारे दोघे जण कोरसमध्ये होते आणि तिसरा पखवाजावर. गजर चढत गेला तसा त्यांचा आवाज फाटेपर्यंत वर गेला. आठ महिने ज्या श्वासाचा लिटरवर हिशेब ठेवला, तो इथे ते उधळत होते. मला माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळालं. पाणी माणसाकडून जे काढून घेतं तेच तो काठावर येऊन शोधतो, आणि सगळ्यात आधी आवाज शोधतो.

हे मालवणपुरतं नाही. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर हेन्यो नावाच्या बायका आहेत. टाकी न लावता, नुसत्या रोखलेल्या श्वासावर त्या तळाशी जाऊन शिंपले आणि समुद्री वनस्पती काढतात. वर आल्यावर कोंडलेला श्वास शिट्टीसारखा सोडतात, आणि होडी वल्हवत नेण्याची त्यांची स्वतःची गाणी आहेत. युनेस्कोने २०१६ मध्ये त्यांच्या या संस्कृतीला मानवजातीच्या वारशात स्थान दिलं. कामाचं कौतुक करताना त्या यादीने गाण्यांनाही सोबत घेतलं, हे मला फार योग्य वाटतं.

मालवणच्या त्या सरावात नामदेवांचा अभंग सुरू झाला तेव्हा मी सरसावून बसलो. नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसी आमच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. औंढ्याच्या नागनाथाच्या देवळामागे कीर्तन करणाऱ्या नामदेवांसाठी देऊळच फिरलं, ही कथा आमच्याकडे पोरासोरांना पाठ आहे. मी कुठून आलो ते सांगितल्यावर बुवांनी ती कथा मला पुन्हा, त्यांच्या पद्धतीने, गाऊन सांगितली.

भजनाला पावसाळा मोकळा मिळतो, दशावतारी नाटकांचं गणित मात्र जरा अवघड आहे. सिंधुदुर्गातल्या जत्रा कार्तिकापासून लागतात आणि दशावताराचे खेळ उन्हाळ्यापर्यंत चालतात. म्हणजे डायव्हिंगचा आणि नाटकाचा हंगाम एकच. खेळ रात्री उशिरा उभा राहतो, पहाटेपर्यंत चालतो. लिखित संवाद नाहीत. कथा ठरते, भूमिका ठरतात आणि बाकी सगळं नट उभ्या उभ्या बोलतात. बाबी नालंग यांच्यासारख्या कलावंतांची आठवण लोक अजून काढतात ती या हजरजबाबीपणासाठी. असा खेळ जागवून सकाळी पाण्यात उतरणं धोक्याचं. झोप नसलेलं शरीर आणि सर्दीने बंद झालेलं नाक या दोन्ही गोष्टी डायव्हरला घरी बसवतात. म्हणून ज्याला दोन्हीचं वेड आहे त्याला निवड करावी लागते. ज्या गावची जत्रा, त्या दिवशी सुट्टी घ्यायची, हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग. काहींनी रंगभूषा सोडली आणि झांज धरली, कारण झांज मध्यरात्री दुसऱ्याच्या हातात देता येते.

नारळी पौर्णिमेला मात्र कसली अडचण नाही, जलक्रीडा अजून बंदच असतात. बंदराकडे मिरवणूक जाते, दर्याला नारळ अर्पण होतो, आणि मग सुरू होते नारळ लढवण्याची स्पर्धा. एकाने हातात नारळ घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर प्रहार करायचा, ज्याचा फुटेल तो हरला. नारळ निवडण्यातच अर्धी लढत असते. वाजवून बघतात, कवटीची जाडी अंदाजतात, फटका कुठल्या बाजूने झेलायचा ते ठरवतात. अलीकडे बायकांच्या स्पर्धाही होतात आणि गर्दी त्यांनाही तेवढीच असते.

हरवलेला तांबडा

पाणी दुसरी गोष्ट काढून घेतं ती रंग. पहिल्या काही मीटरमध्येच तांबडा जातो, मग नारिंगी, मग पिवळा. शेवटी सगळ्यावर हिरवट निळी छाया उरते. खाली हात कापला तर रक्त काळपट दिसतं. तांबोशीसारखा लालबुंद मासा खाली राखाडी असतो, आणि त्याच्यावर टॉर्चचा झोत पडला की त्याचा खरा रंग उजळतो. डायव्हरांमध्ये छायाचित्रणाचं वेड इतकं का पसरतं, याचं एक कारण मला हे वाटतं. पुण्या-मुंबईहून हौसेने डायव्हिंग शिकलेल्यांची पहिली मोठी खरेदी बहुधा कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीची असते. घरी येऊन ते तासन्‌तास संगणकासमोर बसतात आणि खाली डोळ्यांना न दिसलेला तांबडा परत मिळवतात.

गाइड पोरांचं वेड निराळं, ते नावांचं. मासे त्यांना आधीपासून ओळखीचे, पण ताटातले आणि जाळ्यातले. गोबरा, केंड, पाकट, शेवंड, मोरी, इसवण. जाळ्यात येतो तो मेलेला किंवा तडफडणारा. खाली गेल्यावर तोच गोबरा आपल्या कपारीच्या तोंडाशी बसलेला दिसतो, केंड डिवचल्याशिवाय फुगत नाही, पाकट वाळूत अंग पुरून फक्त डोळे बाहेर ठेवते. आणि ज्यांना ताटात जागा नाही म्हणून घरात नावच नव्हतं, असे कितीतरी मासे भेटतात. मग पर्यटकाने टिपलेलं छायाचित्र मागून घ्यायचं, पुस्तकात जुळवायचं, शास्त्रीय नाव वहीत उतरवायचं. दहावीनंतर शाळा सुटलेल्या पोराच्या तोंडून लॅटिन नाव ऐकलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्याच्या शेजारी त्याच्या आजीने दिलेलं मालवणी नावही लिहिलेलं होतं. अशा वह्या कोणीतरी जपून एकत्र छापायला हव्यात. विद्यापीठांना हे काम कमीपणाचं वाटू नये.

अशा कुतूहलाला मालवणात वळण देणारी माणसंही आहेत. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचं नाव तारकर्लीतल्या पर्यटन महामंडळाच्या स्कूबा प्रशिक्षण संस्थेशी जोडलेलं आहे. किनाऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटर आत, विजयदुर्गच्या पश्चिमेला समुद्राच्या पोटात आंग्रिया बँक हा प्रवाळांचा विस्तीर्ण उंचवटा आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा. त्याची ओळख लोकांना व्हावी म्हणून ज्यांनी सातत्याने प्रयत्न केले त्यांत ते आहेत. त्या उंचवट्याचा माथाही वीसेक मीटर खोल आहे. तिथे जायचं तर रात्रभराचा प्रवास.

पण एवढं लांब जायलाच हवं असं नाही. मुंबईत प्रदीप पाताडे, सिद्धार्थ चक्रवर्ती आणि अभिषेक जमालाबाद यांनी २०१७ मध्ये ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम सुरू केला. ओहोटी लागली की गिरगाव, हाजीअली, जुहू अशा ठिकाणी खडकांवर लोकांना घेऊन जायचं आणि डबक्यांतलं जग दाखवायचं. घोट्याएवढ्या पाण्यात समुद्रफुलं, गोगलगायी, खेकडे, कधी अष्टपादही. पोहता न येणाऱ्यालाही परवडणारा हा छंद आहे.

बुडालेल्या भिंती

डायव्हरांच्या गप्पांत इतिहास हमखास येतो, आणि तो विजयदुर्गाजवळ येऊन थांबतो. किल्ल्यालगत ८ ते १० मीटर खोलीवर जांभ्या दगडाची भिंत आहे. लांबी सुमारे १२२ मीटर, रुंदी ७ मीटर, उंची ३ मीटर. शत्रूची गलबतं तिच्यावर आपटून फुटत, अशी आख्यायिका. भिंत माणसाने कशी रचली असेल, ओहोटीचा फायदा कसा घेतला असेल, दगड कुठून आणले असतील, यावर दोन गाइडांना वाद घालताना ऐकलं. दोघांनी कान्होजींबद्दलची पुस्तकं मिळवून वाचली होती.

गोव्यात या हौसेला शास्त्राची बैठक मिळाली. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. एस. आर. राव यांनी सागरी पुरातत्त्वाचं काम उभं केलं. लोथलचं उत्खनन करणारे हेच राव. त्यांच्या मार्गदर्शनाखाली द्वारकेच्या समुद्रात शोध झाले आणि दगडी नांगर सापडले. पुढे याच संस्थेच्या संशोधकांनी गोव्याजवळ सुंची रीफवर बुडालेल्या पोर्तुगीज काळातल्या जहाजाचे अवशेष धुंडाळले. तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी. जमिनीवरची खापरं ओळखणाऱ्यांनी त्यासाठी पाण्यात उतरणं शिकून घेतलं, आणि ते उतरले म्हणूनच या वस्तूंना कथा मिळाली.

छंदाकडून पाण्याकडे, अशा उलट्या वाटेने गेलेला माणूस म्हणजे विज्ञानकथालेखक आर्थर सी. क्लार्क. आकाशाचं वेड आधी. पाण्यात वजन हरपतं, अंतराळवीराला येईल तसा अनुभव मिळतो, या ओढीने तो डायव्हिंगकडे वळला आणि १९५६ मध्ये श्रीलंकेत स्थायिक झाला. त्याच वर्षी त्रिंकोमालीच्या समुद्रात त्याला कोणेश्वरम मंदिराचे बुडालेले अवशेष दिसले. बाकी आयुष्यभर दुर्बीण, लेखन आणि टेबल टेनिस. शरीर थकल्यावरही टेबलाला टेकून तो खेळत राहिला.

सिद्धेश्वरच्या काठावर

मालवणहून परतल्यावर मी आमच्या सिद्धेश्वर धरणावर गेलो. पूर्णा नदी वर जिंतूर तालुक्यात येलदरीला अडवली आहे आणि खाली औंढा तालुक्यात सिद्धेश्वरला. इथे मासे धरणारे बहुतेक भोई समाजाचे. पाण्यात कोणी बुडालं की पोलीस त्यांनाच हाक मारतात. टाकी नाही, मास्क नाही. गढूळ पाण्यात हातभर अंतरावरचं दिसत नाही, तळाला बुडालेल्या बाभळींचे काटे असतात, शेतपंपांच्या वायरी असतात. दोर, गळ, बांबू आणि रोखलेला श्वास, एवढ्यावर ते मृतदेह बाहेर काढतात. यात हौस कुठेच नाही आणि मोबदला कोणी दिला तर.

त्यांच्या छंदांची चौकशी केली तेव्हा उत्तरं ओळखीची आली. औंढ्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेतल्या कुस्त्या, नरसीची वारी, हळद शिजवून झाल्यावर मोकळ्या झालेल्या रात्रीचं भजन. एक गोष्ट मात्र मालवणात ऐकली नव्हती. ज्या दिवशी मृतदेह काढला त्या दिवशी तो माणूस जेवत नाही, आणि रात्री शेजारीपाजारी त्याला मुद्दाम घरातून बोलावून भजनाला बसवतात, हातात टाळ देतात. कोणी काही विचारत नाही. या माणसांच्या मनाची काळजी घेणारी दुसरी कुठलीही सोय मला तालुक्यात दिसली नाही.

जूनच्या तोंडावर तहसील कार्यालयं पट्टीच्या पोहणाऱ्यांच्या याद्या करतात. यादीतल्या माणसाकडे निदान चांगला मास्क, लाइफ जॅकेट, न कुजणारा दोर आणि बुडालेल्याला श्वास देण्याचं रीतसर शिक्षण असायला हवं. मालवणचे गाइड नेमके पावसाळ्याच्या तोंडावर मोकळे होतात, आणि आमच्या नद्यांना पूर येतो तो त्यानंतर. त्यांच्यातल्या प्रशिक्षकांना जूनच्या पहिल्या आठवड्यात इकडे बोलवावं, सिद्धेश्वरच्या उथळ भागात आमच्या पोरांचा वर्ग घ्यावा, असं मी दोन्हीकडे बोललो आहे. मालवणातून होकार आला आहे. राहण्या-जेवणाची व्यवस्था जवळा बाजारात होईल, आणि संध्याकाळच्या भजनासाठी पखवाज आमच्याकडे आहे.